डोमाजीच्या हातचं नाव

आमच्या सिहोऱ्याच्या दुकानात भांडं विकत घेणं सोपं होतं. त्या भांड्यावर नाव घालून घेणं मात्र अवघड होतं, कारण नाव घालायला डोमाजी बसत.

दुकान बाबूजींचं, म्हणजे माझ्या वडिलांचं. मी मॅट्रिकला दोनदा आपटून, लग्न करून, गादीवर येऊन बसलेला. आत पितळेचे पाण्याचे गुंड, वरणभाताचे गंज, पराती, तांब्याएवढे गडवे छतापर्यंत रचलेले आणि बाहेरच्या ओट्यावर पोत्याच्या तुकड्यावर डोमाजी. पुढ्यात लाकडी ठोकळा, ठोकळ्यावर आडवं भांडं, डाव्या हातात टाकी, उजव्या हातात बोटभर हातोडी. अंगात बंडी आणि कानाला दोऱ्यानं बांधलेला चष्मा. बाजाराच्या दिवशी त्यांच्या हातोडीची टिकटिक बसस्टँडपर्यंत ऐकू येई, असं मी पाहुण्यांना अजून सांगतो. खरं तर ती शेजारच्या पानठेल्यापर्यंतच जायची.

गिऱ्हाईक गुंड घेऊन ओट्यावर यायचं आणि म्हणायचं, याच्यावर नाव टाका. डोमाजी मान वर न करता विचारत, "नाव पक्कं आहे?"

नाव पक्कं म्हणजे काय, असं कोणी उलट विचारलं की डोमाजी टाकी खाली ठेवत. मग झाली पंचाईत. उद्या बदलणार तर नाही ना, मुलीनं होकार दिला ना, मुलाकडचे फिरणार तर नाहीत ना, सगळी उलटतपासणी व्हायची. लग्नाचं भांडं असेल तर छापलेली पत्रिका पाहिल्याशिवाय ते पहिला ठोका मारत नसत. एकदा एक मामा भाचीसाठी भली थोरली परात घेऊन आला. पत्रिका घरी राहिली होती. त्यानं आईची शपथ घेतली, मारुतीच्या देवळाकडे हात केला, शेवटी रडकुंडीला आला. डोमाजी शांतपणे सुपारी कातरत बसले. मामा सायकलवर टांग टाकून गावी गेला आणि दुपारी घामानं निथळत पत्रिका घेऊन परत आला. डोमाजींनी ती दोन्हीकडून वाचली, उन्हात धरली, गणपतीच्या चित्रावरून अंगठा फिरवून शाई वाळली आहे का ते पाहिलं आणि म्हणाले, "असं सकाळीच आणावं ना बाप्पा."

भांडं घेताना सगळ्यांचा प्रश्न एकच असायचा, टिकेल ना? तपासायच्या तऱ्हा मात्र वेगवेगळ्या. कोणी टिचकी मारून कान लावायचं, कोणी हातावर तोलायचं. आंबागडचा एक गडी उपड्या परातीवर दोन्ही पायांनी उभा राहायचा आणि खाली उतरून भाव विचारायचा. बाबूजींचं उत्तर ठरलेलं होतं, "तुमचा नातू वापरेल." डोमाजींना हे उत्तर अर्धवट वाटायचं.

"भांडं तं टिकतेच सेठजी," ते ओट्यावरूनच म्हणत. "कोनाचं आहे, हे टिकलं पायजे."

यात तथ्य होतं. आमच्याकडे लग्नाची पंगत घराघरातून गोळा केलेल्या भांड्यांवर उठायची. शेवटची पंगत झाली की आंगणात भांड्यांचा डोंगर, आणि डोंगराभोवती पदर खोचलेल्या बाया. ज्या भांड्यावर नाव ते आपल्या घरी, ज्यावर नाही ते देवाच्या हवाली. इतरांनी घातलेलं नाव चिंच आणि विटेचा चुरा लावून घासता घासता चार वर्षांत पुसट व्हायचं. डोमाजींचं नाव पुसट होत नसे. त्यांचा ठोका इतका खोल जायचा की पत्र्याच्या आतल्या अंगाला अक्षरांचा बारीक उठाव यायचा. काम झालं की ते डोळे मिटून भांड्यात हात घालायचे आणि आतून बोट फिरवून नाव वाचायचे. बोटाला लागलं तरच भांडं गिऱ्हाइकाच्या हातात.

या आतल्या अक्षरांनी एकदा आमच्या ओट्यावर पोलीस आणले. तुमसरकडून एक हवालदार पोत्यात चार भांडी घेऊन आला. चोर सापडला होता, भांडी सापडली होती, पण ती कोणाची हे कळायला मार्ग नव्हता, कारण चोरानं कानशीनं घासून नावं साफ केली होती. नुसतं साफ नाही, आरशासारखं. डोमाजींनी पहिला गडवा मांडीवर घेतला, डोळे मिटले, आत हात घातला. पानठेला बंद करून माणसं गोळा झाली. सुईण अडलेल्या बाईचं पोट पाहते तसे डोमाजी गडवा पाहत होते.

"पां," ते म्हणाले. मग थांबले. "डु. रंग. पांडुरंग. मागच्या चैतात केला होता."

हवालदारानं गडवा उन्हात फिरवून पाहिला. वरून काहीच नव्हतं.

"वरून साफ करन तो," डोमाजी म्हणाले, "आतून कसा करन?"

चारही भांडी दिवस मावळायच्या आत आपापल्या घरी पोचली. पुढे महिनाभर डोमाजी प्रत्येक गिऱ्हाइकाला ही हकीकत सांगत आणि शेवटी न चुकता चोराबद्दल हळहळत. बिचाऱ्यानं किती घासलं असेल, हात दुखले असतील, कोणीतरी त्याला आधी सांगायला पाहिजे होतं. आम्ही हसायचो. मी तर पानठेल्यावर त्या चोराची नक्कल करून दाखवायचो, कानशीसकट.

त्यांच्या आयुष्यात त्यांना पटलेलं गिऱ्हाईक मी एकच पाहिलं. चिखल्याच्या मँगनीज खाणीत कामाला असलेला श्रावण नावाचा जवान पोरगा. पाण्याचा पितळी डबा घेऊन आला. खाली खाणीत सगळ्यांचे डबे सारखेच, आणि ते ठेवतात त्या कोपऱ्यात उजेड नसतो, म्हणाला. तहान लागली की हाताला लागेल तो डबा उचलायचा, आणि तो नेमका तंबाखू खाणाऱ्याचा निघायचा.

"डोळ्यानं नाही वाचायचं," त्यानं डोमाजींना सांगितलं. "बोटानं वाचायचं आहे."

डोमाजींनी हातोडी ठेवून मान वर केली. मला आठवतं त्याप्रमाणे गिऱ्हाइकाचं तोंड त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. तीन अक्षरांना त्यांनी पूर्ण सकाळ घेतली. श्रावणनं डोळे मिटून अंगठा फिरवला, मान डोलावली आणि निघाला. पोट्ट्याला समजते, असं डोमाजी संध्याकाळपर्यंत स्वतःशीच म्हणत होते.

आता सुमन.

सुमन ही डोमाजींची एकुलती एक मुलगी. ती तीन वर्षांची असताना तिची आई गेली. मुलगी जन्मली त्या वर्षापासून डोमाजी दर दिवाळीला आमच्या दुकानातून एक भांडं घ्यायचे. त्या एका भांड्यासाठी अर्धा दिवस टिचक्या मारायचे. एक वर्ष गडवा, एक वर्ष गंज, एक वर्ष गिलास. लग्नात मुलीबरोबर द्यायचं आंदण असं जमत गेलं आणि घरातल्या लाकडी फळीवर एका ओळीत बसलं. सगळी भांडी कोरी. साऱ्या पंचक्रोशीत नाव नसलेली भांडी फक्त नाव घालणाऱ्याच्या घरी होती. जावयाचं नाव कळल्याशिवाय आंदणाला टाकी लावायची नाही, अशी त्यांच्या घरची पद्धत.

एकोणीस दिवाळ्या झाल्या आणि सुमनचं साक्षगंध झालं, म्हणजे साखरपुडा. मुलगा तुमसरजवळचा, भाताच्या गिरणीत कामाला, टेरिकॉटची पँट घालणारा. नाव हेमराज.

दुसऱ्याच दिवशी डोमाजी फळीवरची भांडी पोत्यात घालून ओट्यावर आले. पहिलं भांडं ठोकळ्यावर ठेवलं, तेव्हा बाबूजी गादीवरून उठून बाहेर आले. एवढ्या वर्षांत आलेली ही संधी ते सोडणार नव्हते.

"डोमाजी, नाव पक्कं आहे?"

पानठेल्यावर हशा झाला. डोमाजीही हसले.

"पत्रिका छापली?" बाबूजींनी विचारलं.

"छापतीन ना."

"मग थांबा. तुमचाच कायदा आहे."

डोमाजींनी उजवा हात पुढे केला. बोटं थरथरत होती. फार नाही, झाडाचं पान वारा नसताना हलतं तेवढीच. आम्ही रोज समोर असून आम्हाला ते दिसलं नव्हतं.

"ह्या हातात आता किती चैत आहेत, मले नाही माहीत," ते म्हणाले. "आज बसलो तं वैशाखापर्यंत होतीन एकोणीस. वाट पाहत बसलो तं मशीनवाल्याकडं न्या लागन."

तुमसरला तेव्हा एक जण विजेचं मशीन घेऊन बसू लागला होता. पेनासारखं धरायचं, घुर्र करायचं, मिनिटात नाव. स्टीलची भांडी नुकतीच बाजारात यायला लागली होती आणि स्टीलवर तेच चालायचं. डोमाजींच्या मते ते नाव घालणं नव्हतं, कोंबडीनं पायानं उकरणं होतं. आपल्या मुलीच्या आंदणावर कोंबडी? बाबूजी आत आले.

ते दोन महिने आम्ही जे पाहिलं ते पुन्हा पाहिलं नाही. डोमाजी बाहेरचं काम परत पाठवायचे. प्रत्येक भांड्याला दोन दोन, तीन तीन दिवस. हात थरथरायचा, पण टाकी पितळेला टेकली की थांबायचा. चार अक्षरं, दर अक्षराला तीनदा ठोका. पत्रा फुटेल की काय अशी भीती वाटावी इतकं खोल. मग डोळे मिटून आतून बोट, आणि मग चेहऱ्यावर लग्नघरातली कळा. एकोणिसावं भांडं झालं तेव्हा त्यांनी बाबूजींचा, माझा आणि पानठेलेवाल्याचा हात धरून एकेकाला आतून नाव वाचायला लावलं. हेमराज, हेमराज, हेमराज. आम्ही शाळेतल्यासारखं म्हटलं.

दहा दिवसांनी कार्ड आलं. मुलाच्या बापानं चार ओळी लिहिल्या होत्या. मुलगा रायपूरकडे नोकरीला गेला, तिथेच त्यानं लग्न करून घेतलं, आमची मान खाली गेली आहे, माफी असावी.

डोमाजींनी ते कार्डही दोन्हीकडून वाचलं.

तीन दिवस ओट्यावर टिकटिक नव्हती. चौथ्या दिवशी त्यांनी आमच्याकडून कानस मागून नेली. आतून कसा करन, असं सांगणाऱ्या माणसाला मी काय सांगणार? त्यांनी घरी बसून एक गिलास घासायला घेतला. बाहेरचं नाव गेलं, आतलं राहिलं. आतलं जावं म्हणून आणखी घासलं, तर मधल्या 'रा'च्या जागी भोक पडलं. कानस परत देताना ते एवढंच म्हणाले की पत्रा चांगला होता. आंदणातली अठरा भांडी उरली.

बाबूजींनी तोड काढली. भांडी मोडीत द्या, भंडाऱ्याच्या भट्टीत वितळवू द्या, बदली नवी कोरी मी देतो. डोमाजी पोतं घेऊन पहाटेच्या बसनं भंडाऱ्याला गेले आणि संध्याकाळच्या बसनं पोतं घेऊन परत आले. ओट्यावर टेकले, पाणी प्यायले.

"भट्टीवाला म्हणे, टाका," ते म्हणाले. "मी पोत्यात हात घातला, तं पयल्या दिवाळीचा गडवा हाती आला. सुमनची माय होती तवाचा."

बाबूजींनी पुन्हा मोडीचा विषय काढला नाही.

भांडी फळीवर परत गेली आणि खरी अडचण तिथे सुरू झाली. मुलगी पाहायला लोक येत, खाटेवर बसत, आणि समोरच्या फळीवरून अठरा हेमराज त्यांच्याकडे बघत. हा हेमराज कोण, असा प्रश्न येई. खरं उत्तर दिलं की चहा पिऊन लोक उठत. दोन स्थळं अशी गेली. डोमाजींनी फळीवर चादर टाकली, तर तिसऱ्या स्थळाच्या आत्याबाईंनी चादरीखाली काय आहे म्हणून ती उचलूनच पाहिली.

यावर पानठेलेवाल्यानं उपाय काढला. नाव बदलता येत नाही ना, मग नवरदेव बदला. हेमराज नावाचा दुसरा पोरगा शोधा, भांडी आपोआप बरोबर होतील. आम्ही पोट धरून हसलो. हसून झाल्यावर बाबूजी म्हणाले, काय हरकत आहे?

मग जे झालं ते मी कितीही वेळा सांगितलं तरी मला कंटाळा येत नाही. दुकानात आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला भाव सांगायच्या आधी विचारायचं, तुमच्याकडे कोणी लग्नाचा हेमराज? मोहाडीपासून आंबागडापर्यंत शोध सुरू झाला. पहिला हेमराज आंबागडचा निघाला, अठ्ठेचाळीस वर्षांचा विधुर. केसांना चपचपीत तेल लावून स्वतःच आला, आधी फळीवरच्या भांड्यांना एकेक टिचकी मारून पाहिली आणि मग मुलीचं वय विचारलं. दुसऱ्या हेमराजला बायको होती, पण त्याची तयारी होती. तिसऱ्याला त्याचा बाप सायकलच्या दांडीवर बसवून घेऊन आला. तो तिसरीत होता. निरोप पोचवणाऱ्यानं वय विचारलं नव्हतं आणि बापाला वाटलं, सिहोऱ्यात हेमराज नावाच्या माणसांना काहीतरी वाटप आहे. डोमाजींनी त्याला लाडू देऊन पाठवलं.

मी या तिघांच्या नकला बसवल्या. आंबागडच्या हेमराजची टिचकी तर लोक फर्माईश करून ऐकत. एका दुपारी मी पानठेल्यासमोर ती टिचकी मारत असताना समोरची माणसं एकाएकी दुसरीकडे पाहू लागली. मागे सुमन उभी होती, बापाचा डबा घेऊन.

"छोटे सेठ," ती म्हणाली, "अजून एखादा सापडला तं मलेबी सांगजा."

तिनं डबा डोमाजींजवळ ठेवला आणि गेली. त्या वर्षी मी नंतर नक्कल केली नाही. करायला गेलो तरी टिचकी वाजत नव्हती.

दोन वर्षं गेली. डोमाजी ओट्यावर बसत, पण आता 'नाव पक्कं आहे' असं विचारत नव्हते. गिऱ्हाईक सांगेल ते घालत आणि हळू ठोकत. हात बराच हलू लागला होता. पोरगी पंचविशीला टेकेल आणि माझ्यामुळे, एवढंच एक त्यांच्या बोलण्यात असायचं. कोणी म्हणालं, तुमची काय चूक, तो पोरगाच पळाला, तर ते डोक्याला हात लावून म्हणायचे, पळाला तो पळाला, पण त्याले घरात ठोकून कोनं ठेवलं?

अशात एक दिवस श्रावण आला. डब्याची कडी तुटली होती, ती जोडून हवी होती. बाबूजींनी डबा हातात घेतला. कडी गेली होती, झाकण चेपलं होतं, बूड काळं पडलं होतं, आणि नाव कालच घातल्यासारखं होतं. बाबूजींनी एकदा नावाकडे पाहिलं, एकदा श्रावणकडे, आणि विचारलं, लग्न झालं का रे? नाही म्हणाला. बाबूजींनी कडी फुकट जोडून दिली.

मुलगी पाहायचा दिवस ठरला. बाबूजींनी मला सकाळीच सहा कोरे स्टीलचे गिलास देऊन डोमाजींकडे पाठवलं. फळी चादरीखाली, चादरीवर देवीचा फोटो, आणि चहापाणी सगळं स्टीलमध्ये, असा बेत होता. लपवायचं नव्हतं, असं डोमाजी मला दोनदा म्हणाले. फक्त आधी मुलगी पाहू द्यायची, मग सांगायचं.

श्रावण आणि त्याचा थोरला भाऊ येऊन खाटेवर बसले. मी दाराशी. डोमाजींनी पाणी आण म्हणून हाक मारली. सुमन आतून आली, हातात ताट, ताटात गिलास. पितळेचे.

डोमाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. गिलासांची नावाची बाजू तिनं आपल्याकडे केली होती, पण श्रावणनं गिलास उचलला आणि त्याचा अंगठा सवयीनं मागच्या बाजूनं फिरला. अर्ध्यात थांबला. पुन्हा पहिल्यापासून फिरला. तो खाली बघत नव्हता.

"हेमराज कोन आहे?" त्यानं विचारलं.

डोमाजींनी उजवा हात मांडीखाली घातला.

"ज्याच्याशी माझं लगन होणार होतं तो," सुमन म्हणाली. "बाबानं अठरा भांड्यावर टाकून ठेवलं. मी आली तं हे भांडेबी येतीन. आज पाहून घ्या, उद्या म्हणू नका."

थोरला भाऊ गिलास न उचलता उठायला लागला. श्रावणनं पाणी प्यायलं, शेवटच्या थेंबापर्यंत, आणि रिकामा गिलास हातात फिरवत बसला.

"मामाजी, तुमचंच काम आहे हे," तो डोमाजींना म्हणाला. "माझ्या डब्यावरचंबी असंच आहे. हे पुसत नाही."

"नाही पुसत," डोमाजी म्हणाले. इतक्या हळू की मला ओठांवरून कळलं.

"मंग राहू द्या."

लग्न झालं. अठरा भांडी चिखल्याच्या खाण कामगारांच्या वस्तीत गेली. ती जायच्या आधी डोमाजींची एकच इच्छा होती, निदान त्या नावाखाली श्रावणचं नाव स्वतः घालायचं. ओट्यावर ठोकळा मांडला, पहिल्या दिवाळीचा गडवा ठेवला, टाकी टेकवली. या वेळी टाकी टेकली तरी हात थांबला नाही. पहिलाच ठोका सरकून 'श्रा'च्या जागी तिरपी रेघ उमटली. त्यांनी टाकी पुसून कापडात गुंडाळली आणि मला म्हणाले, न्या तुमसरले. मी अठरा भांडी मशीनवाल्याकडे नेली. तासाभरात अठरा श्रावण झाले, सुबक, एकसारखे, हेमराजच्या खाली.

त्यानंतर डोमाजी आमच्या ओट्यावर बसले नाहीत. दोन-तीन वर्षांनी डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तेव्हा सुमन त्यांना चिखल्याला घेऊन गेली.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते पंच्याऐंशीच्या उन्हाळ्यात. वस्तीतल्या एका लग्नाची भांडी पोचवायला मी चिखल्याला गेलो होतो, सगळं स्टील. काम झाल्यावर दुपारी सुमनच्या घरी वळलो. श्रावण पाळीवरून नुकताच आला होता. मला पाहून त्यानं आतल्या बाजूला आवाज दिला.

"छोटे सेठ आले. एक हेमराज पानी दे."

मला वाटलं उन्हानं माझ्या कानात काही झालं. सुमन हसत पाणी घेऊन आली. मग कळलं की त्या घरात गिलासाला हेमराजच म्हणतात. मोठा हेमराज म्हणजे गंज, छोटा हेमराज म्हणजे गडवा. हे श्रावणनं सुरू केलं होतं. मशीननं घातलेलं त्याचं स्वतःचं नाव तीन वर्षांच्या घासण्यात पार धुऊन गेलं होतं, आणि त्यावर त्यानं काढलेला हा तोडगा. त्यांच्या चार वर्षांच्या मुलीला तर हेमराज हे माणसाचं नाव असतं हेच माहीत नव्हतं. ती मला म्हणाली, आमच्याकडे अठरा हेमराज आहेत, तुमच्याकडे किती?

मी खूप हसलो. नक्कल करायला पुन्हा काहीतरी मिळालं, असं मनात आलंही. मग मागच्या आंगणातून खसखस ऐकू आली.

डोमाजी निंबाच्या सावलीत बसले होते. भोवती दोन-चार भांडी पसरलेली, एका वाटीत भिजवलेली चिंच, एका फुटक्या बशीत विटेचा चुरा. दोन्ही डोळ्यांवर पांढरी साय. थरथरत्या मुठीत नारळाची शेंडी धरून ते एक गिलास घासत होते, एकाच जागी, गोल गोल. रोज दुपारी हेच चालतं, सुमन माझ्या मागून म्हणाली. सांगून थकलो, ऐकत नाहीत. त्या नावाचा कोणाला काही त्रास नाही म्हटलं तरी ऐकत नाहीत.

मी माझं नाव सांगितलं. त्यांनी माझा हात चाचपडत शोधला आणि बोट धरून गिलासावर टेकवलं.

"पाहा बरं छोटे सेठ. तुमी भांड्यावाले. गेलं काय थोडंसं?"

मी बोट फिरवलं. हे. म. रा. ज. एकेक अक्षर असं खोल होतं की नख अडकलं असतं. बाजूचं पितळ घासून गुळगुळीत झालं होतं, त्यामुळे तर जास्तच.

"हो," मी म्हणालो. "शेवटचा ज गेल्यासारखाच आहे."

डोमाजींनी गिलास माझ्या हातातून घेतला. डोळे आधीच मिटल्यासारखे होते, तरी त्यांनी ते मिटले. आत बोट घातलं आणि सावकाश पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत नेलं. त्यांच्या चेहऱ्यावर ती जुनी कळा आली. लग्नघरातली.

"खोटं कायले बोलता?" ते म्हणाले. "माझ्या हातचं आहे ते."

मग त्यांनी बशीतला विटेचा चुरा चिमटीत घेतला, गिलास मांडीवर आडवा केला, आणि पुन्हा 'हे'पासून घासायला सुरुवात केली.